तंबूपुरती जागा : अमेरिकेतील एका रस्त्यावरून राज्य उद्यानांचा अभ्यास

‘पार्क’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे नगरपालिकेची बाग उभी राहते. लोखंडी फाटक, मधोमध बंद पडलेले कारंजे, फुले तोडू नयेत अशी पाटी आणि संध्याकाळी बाकावर विसावलेली निवृत्त मंडळी. अमेरिकेतील ‘स्टेट पार्क’ याहून अगदी निराळे असते. तेथे हा शब्द कधी शेकडो, कधी हजारो एकर जंगलाला, नदीच्या खोऱ्याला, धबधब्याला किंवा सरोवराच्या काठाला लावतात. ही जमीन त्या त्या राज्याच्या मालकीची असते, केंद्र सरकारच्या नव्हे. मोटारीतून यावे, फाटकावर परवाना घ्यावा, नेमून दिलेल्या जागेवर तंबू ठोकावा, शेकोटीवर काहीतरी भाजून खावे आणि एक-दोन रात्री काढून परतावे, असा तेथला शिरस्ता आहे. यलोस्टोनसारखी राष्ट्रीय उद्याने जगभर गाजलेली आहेत. तरी वर्षाकाठी माणसे मोजली तर राज्य उद्यानांत जाणाऱ्यांची संख्या राष्ट्रीय उद्यानांत जाणाऱ्यांपेक्षा कितीतरी मोठी भरते. सर्वसामान्य अमेरिकन कुटुंबाची शनिवार-रविवारची सुटी बहुधा घराजवळच्या अशा एखाद्या राज्य उद्यानातच जाते.

तंबूतला मुक्काम म्हटला की तो मुक्तपणाचा, निसर्गाच्या कुशीतला आणि म्हणून आपोआप लाभलेला असा आपला समज होतो. प्रस्तुत लेखकास तसे वाटत नाही. साडेतीन हात देहाला एका रात्रीपुरती लागणारी ती सपाट जागा कोणीतरी कायद्याने राखून ठेवलेली असते, कोणीतरी घाम गाळून सपाट केलेली असते, कोणीतरी हिशेब करून आखलेली असते आणि ती पूर्वी कोणाची तरी असते. या चारही गोष्टी एका दिवसाच्या प्रवासात दिसू शकतील असा एक रस्ता अमेरिकेत आहे. मिनेसोटा राज्यातील डुलुथ शहरापासून लेक सुपीरियर या सरोवराच्या वायव्य काठाने कॅनडाच्या हद्दीपर्यंत जाणारा हा ‘हायवे ६१’ होय. लांबी सुमारे १५० मैल, म्हणजे २४० किलोमीटर. मोटारीने तीन-साडेतीन तासांचे अंतर. पण थांबत थांबत गेल्यास उन्हाळ्याचा अख्खा दिवस पुरत नाही.

हा रस्ता एके काळी याच क्रमांकाने थेट दक्षिणेकडे न्यू ऑर्लिन्सपर्यंत जात असे. १९९१ साली त्याचा उत्तरेकडील भाग राष्ट्रीय महामार्गांच्या यादीतून निघाला आणि राज्याचा रस्ता म्हणून उरला; क्रमांक मात्र तोच राहिला. गायक बॉब डिलन यांचा जन्म १९४१ साली डुलुथलाच झाला. त्यांनी १९६५ साली आपल्या एका ध्वनिमुद्रिकेच्या नावात हा क्रमांक गोवला आणि या रस्त्याचे नाव ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्याही तोंडी बसले.

सकाळी डुलुथ सोडले की उजव्या हाताला सरोवर लागते आणि दिवसभर ते साथ सोडत नाही. त्याला सरोवर म्हणणे जिवावर यावे असा त्याचा विस्तार आहे. क्षेत्रफळ सुमारे ८२,१०० चौरस किलोमीटर, म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राच्या पावपटीहून थोडे जास्तच. पृष्ठाच्या विस्ताराने पाहता गोड्या पाण्याचे याहून मोठे सरोवर पृथ्वीवर नाही. पाणी ऐन जुलैतही इतके गार असते की पाय घालणारा फार वेळ तो आत ठेवीत नाही. डाव्या हाताला काळा खडक आणि भूर्जाच्या जातीची पांढऱ्या सालीची झाडे. हा काळा खडक सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला ओळखीचा वाटेल, कारण तोही बेसाल्टच आहे. मात्र आपला दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तर येथला सुमारे ११० कोटी वर्षांपूर्वीचा. या खडकावरून सरोवराकडे उड्या घेत येणाऱ्या नद्यांच्या मुखाशी एकामागून एक अशी राज्य उद्याने वसलेली आहेत.

राज्याने जमीन राखून ठेवावी ही कल्पना मुळात कोठून आली, हे येथेच थोडक्यात पाहू. १८६४ साली यादवी युद्ध चालू असताना राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी योसेमिटीचे खोरे सार्वजनिक उपयोगासाठी कॅलिफोर्निया राज्याच्या हवाली केले. पुढे १९०६ साली ते पुन्हा केंद्राकडे गेले. न्यूयॉर्क राज्याने १८८५ साली नायगारा धबधब्याभोवतालची जमीन खाजगी गिरणीवाले आणि तिकीटवाले यांच्या तावडीतून सोडवून घेतली. मिनेसोटाने १८९१ साली मिसिसिपी नदीच्या उगमाशी आयटॅस्का उद्यान स्थापन केले. विधिमंडळात तो ठराव अवघ्या एका मताने तरला असे सांगतात. कागदावर उद्यान झाले म्हणून लाकूडतोड थांबली असे मात्र नाही. १९०३ साली वडिलांच्या निधनानंतर त्या उद्यानाचा कारभार मेरी गिब्ज या चोवीस वर्षांच्या तरुणीकडे आला. लाकूड कंपन्यांनी ओंडके वाहून नेण्यासाठी धरण घालून पाणी तुंबवले होते आणि त्या पाण्याखाली उद्यानाचे काठ बुडत होते. या बाईंनी जागेवर जाऊन धरणाचे दरवाजे उघडण्याचा हुकूम दिला. समोर बंदूक घेतलेली माणसे असताना त्या मागे हटल्या नाहीत. त्यांची नोकरी मात्र काही महिन्यांतच गेली. उद्यानाच्या इतिहासात मंत्री आणि राज्यपाल यांची नावे बरीच येतात. ज्यांच्यापुढे बंदूक धरली गेली अशी नावे थोडी.

या सुरुवातीच्या उद्यानांत जाणे हे पैसेवाल्यांचे काम होते. आगगाडी, घोडागाडी आणि हॉटेल यांचा खर्च कामगाराच्या आवाक्यातला नव्हता. चित्र बदलले ते मोटारीने. हेन्री फोर्ड यांची ‘मॉडेल टी’ गाडी १९२०च्या दशकात ३०० डॉलरच्याही खाली उतरली आणि कारागीर, शेतकरी, शाळामास्तर यांनी गाडीच्या टपावर तंबू बांधून रस्ता धरला. संध्याकाळ झाली की रस्त्याच्या कडेला, कोणाच्याही कुरणात मुक्काम पडू लागला. शेतकरी कावले, विहिरी घाण झाल्या, कुंपणांच्या फळ्या शेकोटीत गेल्या. या माणसांनी रात्री झोपावे कोठे, हा प्रश्न आता सरकारचा झाला. १९२१ साली आयोवा राज्यातील डे मॉइन येथे राज्य उद्यानांच्या पुरस्कर्त्यांची परिषद भरली, तिच्यामागे मोटारींच्या या लोंढ्याची पार्श्वभूमी होती.

डुलुथपासून सुमारे चाळीस मैलांवर गूसबेरी नदीचे उद्यान लागते. पाच-सहा टप्प्यांनी नदी खाली येते आणि प्रेक्षकांची गर्दी त्या धबधब्यांवर असते. आपण मात्र रस्त्याकडच्या बाजूस पाहावे. तेथे सुमारे तीनशे फूट लांबीची दगडी भिंत आहे. लाल, निळसर, तपकिरी आणि काळे असे ग्रॅनाइटचे मोठमोठे घडीव दगड एकात एक बसवलेले आहेत. लोक तिला कौतुकाने किल्लाच म्हणतात. ही भिंत, येथील दगडी निवारे आणि पाऊलवाटा १९३४ ते १९४१ या काळात ‘सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअर’च्या पोरांनी उभारल्या. महामंदीत बेकार झालेल्या तरुणांसाठी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी १९३३ साली ही योजना काढली. महिना ३० डॉलर पगार. त्यातले बहुतेक, सुमारे २५ डॉलर, परस्पर घरी पाठवले जात. खाणे, कपडे आणि राहणे छावणीत. १९४२ पर्यंत सुमारे ३० लाख तरुण या छावण्यांतून गेले. त्यांनी झाडे लावली, वणवे विझवले, रस्ते काढले आणि शेकडो राज्य उद्याने अक्षरशः बांधली. गूसबेरीला त्यांच्यावर इटालियन वंशाचे पाथरवट देखरेख करीत होते. सुटीत येथे येणारा माणूस ‘काय निसर्ग आहे!’ म्हणून ज्या पायऱ्या उतरतो, त्या पायऱ्या भुकेल्या घरांतल्या मुलांच्या हातच्या आहेत.

ही योजना जितकी उदार, तितकीच तिच्यात त्या काळाची खोटही होती. काळ्या तरुणांच्या छावण्या बहुतेक ठिकाणी वेगळ्या असत. दक्षिणेतील राज्यांत तर या योजनेतून बांधलेल्या उद्यानांत काळ्या नागरिकांना मज्जावच होता. कर त्यांनी भरायचा, पोरे त्यांचीही राबायची आणि तंबू मात्र दुसऱ्यांनी ठोकायचा. व्हर्जिनिया राज्याने कोर्टकचेरी झाल्यावर १९५० साली काळ्यांसाठी एक निराळे उद्यान उघडले. साउथ कॅरोलिनाने आणखी पुढची मजल गाठली. न्यायालयाने भेदभाव बंद करण्याचा हुकूम दिल्यावर १९६३ साली त्या राज्याने आपली सगळी राज्य उद्यानेच बंद करून टाकली. दोघांना एका पाण्यात उतरू देण्यापेक्षा कोणीच पाण्यात उतरू नये, हा तो न्याय! गावच्या पाणवठ्यांचा आपल्याकडील इतिहास ठाऊक असलेल्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगण्याचे कारण नाही.

मिनेसोटात असा कायदा नव्हता. पण कायदा नसणे म्हणजे निर्धास्तपणा असणे नव्हे. ज्या डुलुथहून आपण सकाळी निघालो, त्याच शहरात १५ जून १९२० रोजी सर्कशीबरोबर आलेल्या तीन काळ्या मजुरांना खोट्या आरोपावरून जमावाने तुरुंगातून ओढून काढले आणि दिव्याच्या खांबाला फाशी दिले. त्यांचे स्मारक उभे राहण्यास २००३ साल उजाडले. अशा देशात अनोळखी रस्त्यावर रात्र काढणे हे सर्वांना सारखे सोपे नव्हते. म्हणूनच १९३६ पासून तीस वर्षे ‘ग्रीन बुक’ नावाची एक पुस्तिका निघत असे. न्यूयॉर्कचे टपाल कर्मचारी व्हिक्टर ग्रीन यांनी ती सुरू केली होती. काळ्या प्रवाशाला कोणत्या गावी जेवण मिळेल, कोठे खोली मिळेल, कोठे गाडीत पेट्रोल भरता येईल, याची ती यादी होती. आपल्या गाडीतून वाटेल तेथे जाणे, ही अमेरिकन स्वातंत्र्याची मोठी खूण मानतात. त्या स्वातंत्र्यालाही पुस्तिका लागत होती, ही गोष्ट त्या रस्त्यांच्या इतिहासातून वगळता येणार नाही.

गूसबेरीच्या पुढे सहा-सात मैलांवर ‘स्प्लिट रॉक’ दीपगृह आहे. १९०५ सालच्या नोव्हेंबरात या सरोवरावर जे वादळ झाले त्यात २९ जहाजांची नासधूस झाली. त्यानंतर १९१० साली १३० फूट उंचीच्या सरळ कड्यावर हे दीपगृह उभे राहिले. तेव्हा येथे रस्ताच नव्हता. विटा, लोखंड, माणसे सारे काही जहाजातून आणून यारीने कड्यावर चढवावे लागले. १९६९ साली दिवा निवृत्त झाला. १० नोव्हेंबर १९७५ रोजी ‘एडमंड फिट्झजेराल्ड’ हे मालवाहू जहाज २९ खलाशांसह याच सरोवरात बुडाले; त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी त्या तारखेला दिवा पुन्हा लावतात.

आपल्या विषयाच्या दृष्टीने मात्र दीपगृहापेक्षा त्याच्या पायथ्याचा तंबूतळ महत्त्वाचा आहे. येथील बऱ्याच जागांपर्यंत मोटार जात नाही. ती एका ठिकाणी उभी करायची, तंबू, बिछाने आणि शिधा दोन चाकांच्या हातगाडीत भरायचा आणि ती गाडी ढकलीत झाडांमधून आपल्या जागेपर्यंत जायचे. नव्या माणसाला हा निष्कारण त्रास वाटतो. यामागे जो विचार आहे, त्याचे मूळ एका वनस्पतिरोगतज्ज्ञाच्या निरीक्षणात सापडते.

त्यांचे नाव एमिलिओ माइनेके. ते सरकारी शास्त्रज्ञ होते आणि झाडांचे रोग हा त्यांचा विषय. १९२०च्या दशकात कॅलिफोर्नियातील उद्यानांत प्रचंड रेडवुड वृक्षांची प्रकृती ढासळू लागली, तेव्हा त्यांना पाहणीस बोलावले. त्यांना बुरशी सापडली नाही की कीड सापडली नाही. त्यांना सापडला तो पर्यटक. हजारो पावलांनी आणि चाकांनी बुंध्याभोवतालची माती इतकी ठोकली जात होती की तिच्यात हवा आणि पाणी शिरेना. वरवर पसरलेली मुळे गुदमरत होती. शेकडो वर्षे वणवे आणि वादळे सोसलेली झाडे त्यांच्यावर प्रेम करणाऱ्यांच्या पायांखाली मरणाला टेकली होती.

यावर ‘लोकांना येऊ देऊ नका’ असे माइनेके म्हणाले नाहीत, यात त्यांचे मोठेपण आहे. १९३२ साली त्यांनी तंबूतळांच्या धोरणाविषयी एक छोटा मसुदा लिहिला. त्यांचा युक्तिवाद असा. मोकळ्या मैदानात मोटारवाल्याला सोडले तर तो वाटेल तेथे गाडी वळवतो, मागेपुढे करतो आणि दर खेपेला झुडपांचा एक पट्टा चिरडतो. तेव्हा आधी गाडी बांधली पाहिजे. वाहतूक एकाच दिशेने जाईल असा वळणाचा अरुंद रस्ता काढावा. त्याला तिरके फुटलेले आखूड फाटे ठेवावेत आणि प्रत्येक फाट्यात एकच गाडी उभी राहावी. कडेला मोठे धोंडे पुरावेत, म्हणजे गाडी भलतीकडे शिरणार नाही. मग त्या फाट्यालगत चूल पक्की बांधावी आणि टेबल जमिनीत रोवावे. गाडी, चूल आणि टेबल ही तीन ठाणी ठरली की तंबूची जागाही आपोआप ठरते. माणूस दिवसभर या चौघांच्या दरम्यानच ये-जा करतो. तेवढ्या वाटा तुडवल्या जातात, बाकीची जमीन सुटते. दोन जागांमध्ये झुडपांचा पडदा तसाच ठेवला की शेजारी दिसत नाही आणि मुळांनाही श्वास मिळतो.

पाटी नाही, दंड नाही, शिपाई नाही. माणसाच्या सवयी ओळखून जमिनीची केलेली ही आखणी आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते शासनाने केलेल्या नियोजनाचा इतका अल्पखर्ची आणि इतका मनुष्यस्वभाव जाणणारा नमुना विरळा. कोअरच्या पोरांनी पुढच्या दहा वर्षांत देशभर याच पद्धतीचे तळ आखले आणि आजही अमेरिकेतील कोणत्याही राज्य उद्यानात शिरले तर तोच वळणाचा रस्ता, तेच आखूड फाटे, तेच जड टेबल आणि तेच लोखंडी कड्याचे शेकोटीचे आळे दिसते. तेथे उतरणाऱ्या माणसाला वाटते की ही जागा आपण निवडली. स्प्लिट रॉकच्या हातगाडीने माइनेके यांचा विचार आणखी एक पाऊल पुढे नेला आहे, इतकेच. गाडीला तिच्या फाट्यापर्यंतही येऊ दिलेले नाही.

यापुढील पट्टा भरभर जातो. टेटागूश उद्यान १९७९ साली स्थापन झाले. तेथे बॅप्टिझम नदीचा साठ फुटी धबधबा आहे. येथील घनदाट रान पाहून ते अनादि असावे असे वाटते, पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून लाकूड कंपन्यांनी या काठाचे पाइन वृक्ष बहुतेक साफ केले होते. आज दिसते ते दुसऱ्या उगवणीचे रान आहे. पुढे टेम्परन्स नदी, म्हणजे ‘मद्यपाननिषेध नदी’. इतर नद्यांच्या मुखाशी वाळूचा बांध असतो, त्याला इंग्रजीत ‘बार’ म्हणतात. या नदीच्या मुखाशी तो नाही. ज्या नदीला बार नाही तिला दुसरे काय नाव द्यावे, अशा विनोदातून हे नाव पडले. पाट्या लावणाऱ्या खात्यालाही कधी काळी विनोदबुद्धी होती, याचा हा पुरावा होय.

ग्रँड मरे या छोट्या बंदरावरून पुढे गेले की वस्ती विरळ होते. वाटेत आणखी एक उद्यान लागते. तेथे रात्रीची जागा आधीच राखून ठेवलेली असल्यास ते आता मागे टाकून सरळ हद्दीपर्यंत जावे. शेवटी पिजन नदी लागते. पलीकडचा काठ कॅनडाचा. येथे नदी १२० फूट उंचीवरून कोसळते आणि तिच्या अलीकडच्या अंगाला ग्रँड पोर्टेज राज्य उद्यान आहे.

‘पोर्टेज’ म्हणजे नाव खांद्यावर घेऊन चालण्याची वाट. धबधब्यामुळे होडी पुढे जात नाही, म्हणून ओजिब्वे लोक सुमारे साडेआठ मैलांच्या पायवाटेने होड्या आणि सामान वाहून नेत. त्यांच्या भाषेत या जागेला ‘गिची ओनिगामिंग’, म्हणजे मोठी वाहून नेण्याची वाट, असे नाव आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस कातड्याचा व्यापार करणाऱ्या नॉर्थ वेस्ट कंपनीने याच वाटेच्या तोंडाशी आपले ठाणे केले. ३० सप्टेंबर १८५४ रोजी ला पॉइंट येथे करार झाला. ओजिब्वे प्रमुखांनी सरोवराचा हा सारा उत्तर काठ अमेरिकन सरकारला दिला आणि स्वतःसाठी काही राखीव प्रदेश ठेवले. ग्रँड पोर्टेज हा त्यांपैकी एक. दिलेल्या प्रदेशातही शिकारीचा आणि मासेमारीचा हक्क त्यांनी करारात राखला होता. याचा अर्थ असा की सकाळपासून आपण जी उद्याने पाहिली, गूसबेरी, स्प्लिट रॉक, टेटागूश, टेम्परन्स, ती सारी त्या एका सहीच्या पलीकडची आहेत.

ग्रँड पोर्टेज उद्यानाचे वेगळेपण येथे आहे. धबधब्याची जमीन राखीव प्रदेशाच्या सीमेत असूनही ती पुढे खाजगी हातात गेली होती. १९८९ साली मिनेसोटाच्या विधिमंडळाने या उद्यानाचा कायदा केला. राज्याने जमीन मिळवली, ती ओजिब्वे जमातीच्या नावे केंद्राच्या विश्वस्तपदी सोपवली आणि मग उद्यान चालवण्यासाठी जमातीकडून भाड्याने घेतली. मालक जमात, कूळ सरकार! अमेरिकेच्या इतिहासात हा क्रम बहुधा उलटाच चालत आलेला आहे. मिनेसोटातील राज्य उद्यानांपैकी राज्याच्या मालकीचे नसलेले हे एकच. येथे पायवाट आहे, माहितीगृह आहे, धबधब्यासमोर लाकडी सज्जा आहे. पण तंबूतळ नाही.

मालकीच्या या प्रश्नाला अलीकडे आणखी एक फाटा फुटला आहे. याच राज्याच्या नैर्ऋत्य भागात ‘अप्पर सू एजन्सी’ नावाचे राज्य उद्यान होते. तेथील कोठारांत धान्य असूनही १८६२ साली डकोटा लोकांना ते वेळेवर मिळाले नाही. करारातील पैसेही थकले होते आणि माणसे भुकेने मेली. त्यातून युद्ध पेटले. त्यांच्या वंशजांच्या दृष्टीने ती पूर्वजांच्या दफनाची भूमी. त्या भूमीवर लोक सुटीला येऊन तंबू ठोकीत. २०२३ साली विधिमंडळाने हे उद्यान डकोटा जमातीला परत देण्याचा कायदा केला आणि २०२४ साली जमीन त्यांच्याकडे गेली. आसपासच्या काही रहिवाशांना हे रुचले नाही. मासेमारीची, घोडेस्वारीची आणि मुक्कामाची हक्काची जागा हातची गेली असे त्यांना वाटले. त्यांची हळहळ खोटी म्हणता येणार नाही. तरीही सार्वजनिक जागा म्हटल्यावर त्या ‘सर्वां’मध्ये मूळ रहिवासी धरले होते की नाही, हा प्रश्न त्या हळहळीच्या आधीचा आहे आणि उत्तरही आधी त्याचेच द्यावयास हवे. विधिमंडळाने ते दिले, असे मला वाटते.

हद्दीवर तळ नसल्याने मुक्कामासाठी सुमारे ४० किलोमीटर मागे, दुपारी मागे टाकलेल्या ब्रूल नदीवरच्या उद्यानात यावे लागते. त्याला न्यायमूर्ती क्लॅरेन्स मॅग्नी यांचे नाव आहे. मॅग्नी हे डुलुथचे महापौर होते, पुढे मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. या काठावर उद्याने व्हावीत म्हणून त्यांनी जन्मभर खटपट केली. ज्याला स्वतःचा बंगला आणि जमीनजुमला नाही अशा प्रत्येक नागरिकाची ही उद्याने म्हणजे गावाकडची वाडीच होय, अशी त्यांची धारणा होती. १९६२ साली ते वारले आणि पुढच्या वर्षी उद्यानाला त्यांचे नाव मिळाले.

या उद्यानात नदी दोन धारांत फुटते. एक धार सरळ खाली पडते, दुसरी खडकातल्या एका रांजणासारख्या भोकात शिरून नाहीशी होते. त्याला ‘सैतानाचे घंगाळ’ म्हणतात. हे पाणी जाते कोठे, याविषयी पिढ्यान् पिढ्या तर्क चालले. कोणी म्हणे सरोवराच्या तळाशी, कोणी म्हणे दूर कॅनडात. अखेर राज्याच्या जलतज्ज्ञांनी साधी गोष्ट केली. धबधब्याच्या वर आणि खाली नदीचा प्रवाह मोजला. वर सेकंदाला १२३ घनफूट, खाली १२१. एवढा फरक मोजणीतच येतो. २०१७ साली त्यांनी जाहीर केले की पाणी कोठेही जात नाही. खडकाच्या पोटातून ते पुन्हा नदीतच मिसळते. गूढ संपले म्हणून गर्दी कमी झाल्याचे ऐकिवात नाही.

तळावर वीज नाही. जागा सत्तावीस, उन्हाळ्यासाठी त्या सुमारे चार महिने आधी राखता येतात आणि सुटीचे दिवस लवकर भरतात. आपल्या क्रमांकाचा खांब शोधावा, फाट्यात गाडी घालावी आणि सपाट केलेल्या चौरसावर तंबू उभारावा. जमीन खडकाळ असल्याने खुंट्या सहजी शिरत नाहीत. जवळ हातोडी असावी. अस्वलांचा वावर असल्याने शिध्याची पेटी तंबूत न ठेवता रात्री गाडीत बंद करावी.

शेकोटीसाठी घरून लाकूड आणण्यास मात्र सक्त मनाई आहे. परवानगी असलेले, तपासलेले लाकूडच विकत घ्यावे लागते. याचे कारण बोटाच्या पेराहून लहान असा पाचूच्या रंगाचा एक भुंगेरा आहे. आशियातून आलेला हा किडा २००२ साली मिशिगनमध्ये सापडला, २००९ साली मिनेसोटात पोहोचला. त्याच्या अळ्या ॲश वृक्षाच्या सालीखाली बोगदे करतात आणि झाड वाळते. स्वतः उडून तो फार दूर जात नाही. सरपणात बसून मात्र मोटारीच्या वेगाने शेकडो मैल जातो. सुटीवर निघालेल्या माणसाच्या डिकीतली मोळी हे त्याचे वाहन. ओजिब्वे बायका ज्याच्या पट्ट्यांच्या टोपल्या विणतात तो काळा ॲशही याच किड्याचे भक्ष्य आहे, म्हणजे त्या मोळीचा हिशेब शेवटी एका टोपलीपर्यंत जाऊन पोहोचतो.

तळाजवळ गवतात काँक्रीटचे काही जुने चौथरे आहेत. १९३४ साली येथे राज्याने बेघर, भटक्या बेकारांसाठी छावणी उभारली होती. ती माणसे वणव्यापासून बचावाच्या वाटा काढीत आणि रात्री येथेच निजत. आज चौथऱ्यांभोवती मुले लपंडाव खेळतात. रात्री दहानंतर तळावर शांतता पाळावी असा नियम आहे आणि लोक तो बहुधा पाळतात. मग ब्रूल नदीचा आवाज तेवढा ऐकू येतो. सकाळी आळ्यातली राख पाणी ओतून विझवायची, खुंट्या मोजून पिशवीत भरायच्या आणि ठरल्या वेळेच्या आत फाट्यातून गाडी काढायची, कारण त्या खांबावरचा क्रमांक दुपारपासून दुसऱ्या कोणाच्या तरी नावे लागलेला असतो.